वर, वाक्य आणि अन्वयार्थ : भूमिकाखेळातील इच्छामंत्राच्या समतोलाचा प्रश्न

१

साहित्यसमीक्षेत अर्थनिर्णयाचा प्रश्न चर्चिला जातो तेव्हा आपल्यासमोर बहुधा पूर्ण झालेली संहिता असते. कविता लिहून झालेली असते, कादंबरी छापून झालेली असते. वाचकाने तिचा विपर्यस्त अर्थ लावला तरी संहितेतील एक अक्षरही त्यामुळे हलत नाही. ती पुढच्या, अधिक जाणत्या वाचकासाठी जशीच्या तशी शिल्लक राहते. गेल्या अर्धशतकात मात्र असा एक कथनप्रकार रुजला आहे, की ज्यात ऐकणाऱ्याने वाक्याचा जो अर्थ लावला तोच तत्क्षणी कथेतील घटना होतो. टेबलाभोवती बसून कागद, पेन्सिल आणि फासे यांच्या साह्याने खेळल्या जाणाऱ्या अद्भुतरम्य भूमिकाखेळांचा हा प्रकार. या खेळांत बोलणाऱ्याची कोणतीही इच्छा पूर्ण करणारा 'विश' नावाचा एक मंत्र आहे. या मंत्राचा 'समतोल' कसा राखावा याविषयी खेळाच्या नियमग्रंथांतून जी भवति न भवति झाली, तिचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. वरवर पाहता हा खेळाच्या तांत्रिक रचनेचा प्रश्न वाटतो. माझ्या मते तो मुळात अन्वयार्थाचा प्रश्न आहे, आणि तो तसा न ओळखल्यामुळेच नियमकर्त्यांचे अनेक उपाय तोकडे पडले आहेत.

या प्रकाराचा आद्य खेळ 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा होय. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी रचलेला हा खेळ अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनीव्हा या गावातून १९७४ साली तीन लहान पुस्तिकांच्या रूपाने प्रसिद्ध झाला. त्याचा उगम शिशाच्या सैनिकांनी खेळल्या जाणाऱ्या युद्धखेळांत आहे. पण सैन्यांच्या जागी एकेक व्यक्तिरेखा आली आणि खेळाला कथेचे रूप प्राप्त झाले. खेळणाऱ्यांपैकी एकाकडे त्या कल्पित जगाची सूत्रे असतात. १९७४ च्या पुस्तिकांत त्याला 'रेफरी' म्हटले आहे. पुढे 'डन्जन मास्टर' हे नाव रूढ झाले. येथे त्याला आपण 'पंच' म्हणू. बाकीचे खेळाडू प्रत्येकी एका पात्राचे बोलणे-वागणे सांगतात. पंच त्यावर जगाचे उत्तर सांगतो. जेथे निष्पत्ती संदिग्ध असेल तेथे फासे टाकले जातात. या कथेला आधी लिहिलेली संहिता नसते. ती बोलण्यातून घडते, आणि घडते तेव्हाच संपते.

गॅरी अ‍ॅलन फाइन या समाजशास्त्रज्ञाने 'शेअर्ड फँटसी' (१९८३) या ग्रंथात गॉफमनच्या चौकटींच्या विवेचनाचा आधार घेऊन दाखवून दिले आहे, की टेबलाशी बसलेला माणूस एकाच वेळी तीन पातळ्यांवर वावरत असतो : प्रत्यक्ष जगातील व्यक्ती, नियम जाणणारा खेळाडू आणि कथेतील पात्र. पुढील विवेचनात हा भेद ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. कारण इच्छामंत्र उच्चारतो पात्र, त्याचे शब्द निवडतो खेळाडू, आणि त्याच्या निष्फळतेचा सल राहतो तो व्यक्तीला.

आणखी एक गोष्ट. या खेळातील खेळाडूचे सामान्य वाक्य रूपाने निश्चयात्मक असले तरी आशयाने प्रयत्नवाचक असते. 'मी कुलूप तोडतो' याचा अर्थ 'मी कुलूप तोडू पाहतो' एवढाच. कुलूप तुटले की नाही हे सांगण्याचा अधिकार पंचाचा. ऑस्टिनने 'हाउ टु डू थिंग्ज विथ वर्ड्‌स' (१९६२) मध्ये ज्या कृतिवाचक उच्चारांचे विवेचन केले, त्यांचे पूर्ण सामर्थ्य म्हणजे उच्चारताच वस्तुस्थिती घडविणे. ते या खेळात एरवी केवळ पंचाच्या वाक्याला असते. इच्छामंत्र हा या व्यवस्थेतील एकमेव मोठा अपवाद. तो उच्चारला जातो त्या क्षणी निवेदकाचा अधिकार एका वाक्यापुरता खेळाडूच्या हाती येतो. मंत्राचे भय त्याच्या संहारशक्तीत नाही. ते या अधिकारांतरात आहे.

२

नियमग्रंथांतील या मंत्राचा इतिहास थोडक्यात पाहू. १९७४ च्या दुसऱ्या पुस्तिकेत तीन इच्छा पुरवणाऱ्या अंगठीचे वर्णन आहे. तेथेच खेळाचा समतोल राखण्यासाठी इच्छांचे सामर्थ्य मर्यादित असावे आणि पंचाने कमालीचा विवेक बाळगावा, असे बजावले आहे. लोभी पात्र एका इच्छेतून आणखी इच्छा मागेल, तर त्याला न संपणाऱ्या कालचक्रात टाकावे, म्हणजे अंगठी मिळाल्या क्षणाशी पुन्हा नेऊन सोडावे, अशी सूचना आहे. कुणी जीव कोंडून ठेवणारा जादूचा आरसा मागितला तर मागणाऱ्यालाच त्या आरशात कोंडावे, असेही सुचविले आहे. त्याच परिच्छेदात, एखादी दुर्दैवी मोहीम घडलीच नसती तर बरे, अशी इच्छा असल्यास ती मात्र पुरवावी, असे औदार्यही आहे. पश्चात्तापाची इच्छा पुरी करायची आणि लोभाची वाकवायची, हा नैतिक दंडक खेळाच्या जन्मापासूनच आहे.

१९७५ च्या 'ग्रेहॉक' या पुरवणीत सातव्या ते नवव्या पातळीचे मंत्र आले. त्यात सातव्या पातळीवर मर्यादित इच्छेचा आणि नवव्या, म्हणजे सर्वोच्च पातळीवर पूर्ण इच्छेचा मंत्र होता. १९७८ च्या 'प्लेयर्स हँडबुक' मध्ये गायगॅक्सने इच्छेचे नेमके शब्द जसेच्या तसे अमलात येण्याचा संभव असल्याचे सांगितले. दुसऱ्या पात्राचा मृत्यू इच्छिणे अन्याय्य असल्याने, इच्छिणाऱ्यालाच त्या पात्राच्या मरणोत्तर भविष्यकाळात ढकलावे, म्हणजे तोच खेळाबाहेर जाईल, हे उदाहरण तेथे आहे. मंत्राने थकून मांत्रिकाला काही दिवस अंथरूण धरावे लागे, ही त्याची शारीरिक किंमत. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत किंमत वाढली : मंत्र उच्चारताच मांत्रिकाचे वय पाच वर्षांनी वाढे.

२००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने वेगळा मार्ग धरला. तिने इच्छेची किंमत ५,००० अनुभवगुण अशी आकड्यांत बांधली, आणि इच्छेने निर्धोकपणे काय काय साधता येते याची यादीच दिली. २००३ च्या सुधारित रूपात, उदाहरणार्थ, २५,००० सुवर्णनाण्यांपर्यंतच्या मोलाची साधी वस्तू मागता येई. यादीबाहेर मागाल तर धोका तुमचा, असा इशारा होता. २००८ च्या चौथ्या आवृत्तीच्या मूळ खेळाडूग्रंथातून हा मंत्रच वगळण्यात आला. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत तो परतला. आता आठव्या पातळीपर्यंतच्या कोणत्याही मंत्राची नक्कल करणे हा त्याचा सुरक्षित उपयोग ठरला. त्यापलीकडचा कोणताही उपयोग केल्यास शरीराला क्लेश होतात आणि मंत्र पुन्हा कधीही न उच्चारता येण्याची ३३ टक्के शक्यता उद्भवते. विशेष म्हणजे शत्रूचा मृत्यू इच्छिणाऱ्याला भविष्यात ढकलण्याचे १९७८ चे उदाहरण या ग्रंथातही कायम आहे.

या इतिहासात चार उपाय दिसतात : पंचाचा विवेक, देहाची किंमत, वस्तूंची यादी आणि लोप. पाचव्या आवृत्तीत पहिले तीन एकत्र नांदतात. परंतु या सर्व उपायांच्या तळाशी एक गृहीत समान आहे. ते असे, की इच्छेचे वाक्य हा एक धोकादायक ऐवज असून तो ताब्यात ठेवला पाहिजे. वाक्य वाचायचे कसे, हा प्रश्न कुठेच सरळपणे विचारलेला नाही. जेथे उत्तर सूचित होते तेथे ते 'अक्षरशः' असे आहे.

३

'अक्षरशः' या शब्दाचा आपल्या परंपरेने जितका बारकाईने विचार केला आहे तितका क्वचितच कुठे झाला असेल. 'सैंधव आण' हे शास्त्रकारांचे नेहमीचे उदाहरण घ्या. सैंधव म्हणजे मीठ आणि सैंधव म्हणजे सिंधुदेशीचा घोडाही. जेवायला बसलेला माणूस हे वाक्य उच्चारतो तेव्हा मीठ आणायचे, प्रवासाला निघालेला उच्चारतो तेव्हा घोडा. ताटावर बसलेल्यापुढे जो घोडा आणून उभा करतो त्याने शब्दाचे पालन केले असे म्हणता येत नाही; त्याला वाक्य कळलेच नाही. हेच 'गंगेवर गवळीवाडा' या उदाहरणाचे. प्रवाहावर वस्ती असू शकत नाही, म्हणजे मुख्यार्थ बाधित होतो, आणि मग लक्षणेने 'गंगेच्या काठी' हा अर्थ घ्यावा लागतो. अभिधा हे वाक्यार्थाचे प्रवेशद्वार आहे. तेथेच ठाण मांडून बसणे म्हणजे वाचन नव्हे.

वक्री इच्छापूर्ती करणारा पंच नेमके हेच करतो. 'तो दुष्ट राजा मेलेला असावा' या वाक्याचे तात्पर्य, म्हणजे मागणाऱ्याला आपल्या कथेत, आपल्या हयातीत त्या राजाचा अंत हवा आहे, हे टेबलाभोवतीच्या प्रत्येकाला कळलेले असते. पंचालाही ते कळलेले असते. तरीही तो राजाच्या मृत्यूनंतरच्या काळात मागणाऱ्याला नेऊन सोडतो. येथे अर्थबोधाचा अभाव नाही. अर्थबोध झालेला असूनही तो नाकारण्याचा अधिकार गाजविला जातो आहे. गैरसमज आणि गैरसमजाचे सोंग यांत फरक आहे, आणि नैतिकदृष्ट्या तो फार मोठा आहे.

यावर एक आक्षेप संभवतो. वक्त्याचा हेतू हा अर्थाचा निकष मानू नये, हे तर आधुनिक समीक्षेनेच शिकविले. मग पंचाने शब्दांशी इमान राखले तर दोष काय? विमसॅट आणि बिअर्ड्‌सली यांच्या 'द इन्टेन्शनल फॅलसी' (१९४६) या निबंधाचा हा ढोबळ उपयोग झाला. त्याच निबंधात त्यांनी काव्य आणि व्यावहारिक निरोप यांच्यात भेद केला आहे. निरोपाचे यश हेतू नेमका ओळखला जाण्यावरच अवलंबून असते, हे त्यांना मान्य आहे. हेतूपासून मुक्त असते ते काव्य, कारण त्याला स्वतःच्या पायावर उभे राहायचे असते. इच्छामंत्राचे वाक्य या दोहोंपैकी काय आहे? पात्राच्या पातळीवर ती याचना आहे, म्हणजे निरोप. खेळाडूच्या पातळीवर ते कथेतील एक रचलेले वाक्य आहे, त्याला डौल आहे, नाट्य आहे. पण त्याला स्वतःच्या पायावर उभे राहण्याची सवड कधीच मिळत नाही. त्याचा वाचक एकच आणि त्याचे वाचन अंतिम. ज्या संहितेला दुसरा वाचक लाभणार नाही तिच्या पहिल्या वाचकाची जबाबदारी वाढते. हेतुनिरपेक्ष वाचनाचे स्वातंत्र्य त्याला घेता येत नाही.

अक्षरनिष्ठ वाचनाचा परिणाम लेखनावर होतो, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातील सर्वांत शोचनीय भाग तोच आहे. ज्याचे वाक्य वाकविले जाणार हे ठाऊक असते तो वाक्य सरळ लिहीत नाही. तो कलमे घालतो, अपवाद नोंदवितो, 'आज, या ठिकाणी, माझ्या व माझ्या साथीदारांच्या जीविताला, वित्ताला व कालस्थितीला बाधा न येता' अशी भाषा जुळवितो. इच्छेचा उच्चार असा करारनाम्याच्या मसुद्यात रूपांतरित होतो. ज्या क्षणी पात्राने अंतःकरणाच्या तळातले काही बोलावे, त्या क्षणी खेळाडू खरेदीखताची भाषा बोलू लागतो. पंचाचा संशय खेळाडूत संक्रमित होतो आणि कथेची भाषा मरते.

ही अक्षरनिष्ठा पुढे नियमग्रंथावरच उलटते. २०१४ च्या नियमांत सातव्या पातळीचा एक मंत्र बर्फापासून मांत्रिकाची प्रतिकृती घडवितो, आणि तिच्या ठायी त्याचे मंत्रसामर्थ्यही असते. मूळ मांत्रिकाने आपली सर्वोच्च शक्ती खर्च केली नसेल तर ती प्रतिकृती इच्छामंत्र उच्चारून त्याच प्रतिकृतिमंत्राची नक्कल करू शकते. मग दुसरी प्रतिकृती, तिच्याकडून तिसरी. नक्कल हा सुरक्षित उपयोग असल्याने ३३ टक्क्यांचा धोकाही तिला लागू होत नाही. नियम अक्षरशः वाचला तर या मालिकेला अंत नाही. १९७४ च्या पंचाने लोभी पात्रासाठी जे न संपणारे चक्र योजले होते, ते चाळीस वर्षांनी खेळाडूने नियमांच्या अक्षरांतून स्वतःच उभे केले. पंचाने वाक्याशी जो व्यवहार केला तोच खेळाडू ग्रंथाशी करू लागला, तर त्यात नवल ते काय?

४

आता दुसरा, अधिक गंभीर आक्षेप. वराचे उलटणे हा कथापरंपरेचाच भाग नाही काय? डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्जच्या 'द मंकीज पॉ' (१९०२) या कथेत माकडाच्या पंजाकडे दोनशे पौंड मागितले जातात आणि ते मिळतात, पण कारखान्यातील यंत्रात सापडून मेलेल्या मुलाची भरपाई म्हणून. पेरोच्या कथेतील लाकूडतोड्याच्या तीन इच्छा सॉसेजमध्ये आणि बायकोच्या नाकात संपतात. ग्रीक कथेतील टिथोनस अमर होतो, पण तारुण्य मागायचे राहून गेल्यामुळे कायमचा जराजर्जर. पंच या परंपरेला अनुसरतो असे कुणी म्हणू शकेल.

येथे दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतील. पहिली अशी, की लिखित कथेत मागणारा आणि देणारा हे दोघेही एकाच लेखकाच्या हातचे असतात. जेकब्जने त्या वृद्ध दांपत्यावर अन्याय केला असे आपण म्हणत नाही, कारण कथेबाहेर त्यांना अस्तित्व नाही. वराचे उलटणे हा तेथे रचनेचा घटक आहे, आणि त्याचा अर्थ भोगणारा वाचक सुरक्षित अंतरावर असतो. भूमिकाखेळात मागणारा माणूस टेबलापलीकडे बसलेला आहे. वर्षानुवर्षे खेळून त्याने आपल्या पात्राला नवव्या पातळीच्या मंत्रापर्यंत आणलेले असते. त्याचे वाक्य वाकविणे ही दोन माणसांमधील कृती ठरते. फाइनच्या परिभाषेत, पात्राच्या पातळीवरील शोकांतिका व्यक्तीच्या पातळीवर अपमान होऊन उतरते.

दुसरी गोष्ट अशी, की परंपरेतील सर्व वर एकाच रीतीने उलटत नाहीत. हा भेद भारतीय कथांत विशेष स्पष्ट दिसतो. पंचतंत्राच्या 'अपरीक्षितकारक' या पाचव्या तंत्रात मंथरक कोष्ट्याची कथा आहे. झाडावर राहणारा व्यंतर त्याला वर देऊ करतो. मित्र असलेला न्हावी राज्य माग म्हणतो. बायको म्हणते, आणखी दोन हात आणि आणखी एक डोके माग, म्हणजे दुप्पट कापड विणता येईल. कोष्टी तेच मागतो आणि त्याला तेच, जसे मागितले तसे, मिळते. घरी परतताना लोक त्याला राक्षस समजून ठार मारतात. या कथेत देणाऱ्याने काहीही वाकविलेले नाही. व्यंतराने वाक्याचा अर्थ मागणाऱ्याच्या अभिप्रायानुसारच घेतला. अनर्थ ओढवला तो पूर्ण झालेल्या इच्छेला जगाने दिलेल्या प्रतिसादातून. मला वाटते, विकृती आणि परिणाम यांतील हा भेद इच्छामंत्राच्या संपूर्ण चर्चेचा कणा ठरावा. विकृती वाक्याच्या आत घडते, परिणाम वाक्याच्या पुढे. विकृतीने मागणाऱ्याचे वाक्य पुसले जाते. परिणामाने त्या वाक्यापासून कथा सुरू होते.

हिरण्यकशिपूची कथा याच भेदाची दुसरी बाजू दाखविते. आत नाही, बाहेर नाही, दिवसा नाही, रात्री नाही, माणसाकडून नाही, पशूकडून नाही, ही त्याची मागणी म्हणजे पुराणांतील करारनामाच. ब्रह्मदेव तो जसाच्या तसा मान्य करतो, आणि नरसिंह त्यातील एकही कलम न मोडता उंबरठ्यावर, संध्याकाळी त्याचा वध करतो. कलमे वाढवून मृत्यू टळत नाही. कलमांच्या मधल्या जागा तेवढ्या वाढतात. उलट वनपर्वातील सावित्री यमाकडे स्वतःच्या पोटी शंभर पुत्र मागते आणि यम तो वर देऊन जातो. शब्दांची कोंडी येथे दुर्बलाच्या हाती आहे, आणि बलिष्ठ देणारा आपल्या वाक्याला बांधला जाऊन सत्यवानाला सोडतो. वक्रवाचनाचा अधिकार देणाऱ्याकडेच असतो असे या परंपरेला मान्य नाही. दिलेल्या शब्दाने बद्ध होणे हेच तिच्या दृष्टीने देणाऱ्याचे थोरपण आहे.

५

आता उरलेल्या उपायांकडे वळू. किंमत आणि यादी यांना एकाच मापाने मोजता येणार नाही.

देहाची किंमत मला अर्थपूर्ण वाटते. मांत्रिकाचे वय पाच वर्षांनी वाढते किंवा मंत्र कायमचा हरपण्याची शक्यता त्याच्यापुढे उभी राहते, तेव्हा इच्छा ही कृती उरते. तिच्यात निवड असते, आणि मागणाऱ्याने ती किंमत आधी जाणून स्वीकारलेली असते. वाक्य वाकविले जात नाही. ते उच्चारणे मात्र जड केले जाते. अनुभवगुणांच्या किमतीत हे जडपण पातळ होते, कारण गुण पुन्हा कमावता येतात. वय पुन्हा कमावता येत नाही.

यादीची गोष्ट निराळी. २००३ ची यादी वाचताना दुकानातील दरपत्रक वाचल्याचा भास होतो. २५,००० सुवर्णनाण्यांपर्यंतची वस्तू, एका गुणाची वाढ, एक फसलेला फासा पुन्हा टाकण्याची सवलत. यादीने पंचाची मनमानी आवरली, हे तिचे श्रेय नाकारता येणार नाही. ज्यांनी ती योजली त्यांच्यासमोर खेळाडूंच्या संरक्षणाचाच विचार असावा. परंतु हे संरक्षण करताना मंत्राचे मंत्रपणच तिने काढून घेतले. इच्छेच्या वाक्याचे सारसर्वस्व त्याच्या अपेक्षिततेबाहेर असण्यात आहे. जे यादीतून निवडायचे त्याला इच्छा म्हणत नाहीत, खरेदी म्हणतात. २००८ मध्ये मंत्र वगळला गेला तो एका अर्थी याच तर्काचा शेवट होता : जे दरपत्रकात बसत नाही ते दुकानातही ठेवू नये.

याहून वेगळी वाट १९८७ सालच्या 'आर्स मॅजिका' या खेळाने दाखविली होती. जोनाथन ट्वीट आणि मार्क राइन-हॅगन यांनी रचलेल्या या खेळात जादूला व्याकरण आहे. पाच क्रिया आणि दहा विषय. त्यांच्या संयोगातून मांत्रिक आपले मंत्र रचतो. निर्माण करणे, जाणणे, बदलणे, नष्ट करणे, नियंत्रित करणे या क्रिया. अग्नी, जल, देह, मन असे विषय. या व्याकरणाला जगाच्या तत्त्वज्ञानातून आलेल्या मर्यादा आहेत. ईश्वरी सामर्थ्याला जादू बाधा आणू शकत नाही, वस्तूचा मूळ स्वभाव ती कायमचा बदलू शकत नाही. या मर्यादा वाक्य उच्चारण्यापूर्वीच सर्वांना ठाऊक असतात आणि त्या मांत्रिक, पंच आणि त्या जगातील प्रत्येक प्राणी या सर्वांना सारख्याच बांधतात. मर्यादा भाषेत आहे, वाचकाच्या मर्जीत नाही. याच ट्वीटने पुढे तिसऱ्या आवृत्तीच्या रचनेत प्रमुख वाटा उचलला, पण तेथे इच्छामंत्राला व्याकरण लाभले नाही, यादी लाभली. व्याकरण आणि यादी दोन्ही मर्यादाच घालतात. पण व्याकरणातून न ऐकलेले वाक्य रचता येते, यादीतून येत नाही.

६

तरीही एक प्रश्न उरतोच. पंचाने प्रत्येक इच्छा अभिप्रायानुसार पुरवावी, मग खेळाचे काय होणार? समतोलाची काळजी वाहणारे नियमकर्ते निव्वळ संशयी होते असे मानणे अन्यायाचे होईल. टेबलाभोवती चार-पाच जण बसलेले असतात. त्यातील एकाच्या एका वाक्याने युद्ध संपले, राक्षस नाहीसा झाला, खजिना हाती आला, तर इतरांनी पुढे बोलायचे काय? हा प्रश्न खरा आहे. फक्त त्याचे निदान चुकले आहे. 'समतोल' हा शब्द या ग्रंथांत बहुधा शक्तीच्या हिशेबात वापरला गेला; म्हणून उत्तरेही हिशेबी आली. १९७९ च्या पंचासाठीच्या ग्रंथात तर सोळाच्या वरचा गुण वाढवायला प्रत्येक इच्छेमागे एक दशांश अंश, अशी अपूर्णांकी तरतूद आढळते. वस्तुतः धोक्यात असतो तो बोलण्याच्या वाट्याचा समतोल. कोणाही एकाच्या वाक्यानंतर इतरांना बोलण्यासारखे काही उरले पाहिजे, एवढीच या कथनप्रकाराची मूलभूत अट आहे. ती अट खेळाडूच्या इच्छेला लागू आहे, आणि वाक्य पुसून टाकणाऱ्या पंचालाही तितकीच लागू आहे.

या अटीच्या प्रकाशात पाहिले, तर विश्वासू वाचनाची मर्यादाही स्पष्ट होते. ज्या इच्छेने सर्वांचीच कथा संपते ती पुरविता येत नाही. पण तिथे पंचाने उघडपणे नकार द्यावा; या जगातील देवांनाही हे अशक्य आहे, असे वाक्य पुरे होण्यापूर्वी सांगावे, आणि दुसरे वाक्य रचण्याची संधी द्यावी. नकार हा प्रामाणिक प्रतिसाद आहे. होकार देऊन घोडा आणून उभा करणे हा नव्हे.

मर्यादा नेहमी देणाऱ्यानेच घालावी लागते असेही नाही. सभापर्वात धृतराष्ट्र द्रौपदीला वर मागायला सांगतो. ती पहिल्या वराने युधिष्ठिराची दास्यातून मुक्तता मागते, दुसऱ्याने इतर चार पांडवांची, त्यांच्या रथ-धनुष्यांसह. तिसरा वर मात्र ती नाकारते. लोभ धर्माचा नाश करतो, आणि क्षत्रिय स्त्रीने दोनच वर मागावेत, हे तिचे म्हणणे. राज्य तिने मागितलेले नाही. ते पतींनी आपल्या कर्तृत्वाने मिळवावे, यासाठी तिने जागा मोकळी ठेवली आहे. इतरांना बोलण्यासारखे उरले पाहिजे या अटीचे याहून सुंदर पालन मला दुसरीकडे आढळलेले नाही. आणि मराठी वाचकाला येथे पसायदानाची आठवण होणे अपरिहार्य आहे. ज्याला जे हवे ते त्याला मिळो, ही तेथील मागणी कोणत्याही नियमग्रंथाला धडकी भरविणारी आहे. तिला संख्येची मर्यादा नाही, किंमत नाही, यादी नाही. परंतु ज्ञानदेवांनी ती योजली आहे ती दुर्जनांची कुटिलता सरावी आणि जीवमात्रांत परस्परांविषयी मैत्र जडावे, या मागणीच्या नंतर. क्रम महत्त्वाचा आहे. मैत्र आधी असेल तर अमर्याद इच्छेचेही भय उरत नाही. ते नसेल तर तीन इच्छांची अंगठीही घातक ठरते.

भूमिकाखेळाच्या टेबलाशी हे मैत्र गृहीत धरता येत नाही, हे खरे. नियमग्रंथ अनोळखी माणसांसाठी लिहावे लागतात आणि अनोळखी माणसांना आकड्यांचा आधार लागतो. म्हणून किंमत असावी, जगाचे व्याकरण आधी सांगितलेले असावे. पण कोणताही आकडा ऐकणाऱ्याला ऐकायला शिकवू शकत नाही. २०१४ च्या ग्रंथात तेहतीस टक्क्यांचे गणित आहे, आणि त्याच्याच शेजारी, छत्तीस वर्षांनंतर, मधल्या तीन आवृत्त्या ओलांडून, भविष्यात ढकलल्या जाणाऱ्या मांत्रिकाचे १९७८ चे उदाहरणही आहे. तेथे ते नियम म्हणून दिलेले नाही. वाचन असे करावे, याचा नमुना म्हणून दिले आहे. पुढच्या एखाद्या आवृत्तीत हा एक नमुना बदलला, आणि त्याच्या जागी मंथरक कोष्ट्याच्या व्यंतरासारखा सरळ देणारा व जगाला बोलू देणारा पंच आला, तर यादीतील निम्मी कलमे अनावश्यक ठरतील असे मला वाटते.